अब्जांश तंत्रज्ञानाचे नियमन आणि अज्ञानाचा भार

१. विषयप्रवेश

घातक पदार्थाचे नियमन करावयाचे म्हणजे प्रथम त्यास नाव द्यावयाचे, मग त्याचे वजन करावयाचे आणि अखेरीस त्या वजनाची मर्यादा ठरवावयाची, ह्या क्रमावर आधुनिक रसायन-नियमनाची बहुतेक सारी रचना उभी आहे. घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात ह्यांविषयी भारतात १९८९ साली जे नियम करण्यात आले, त्यांत रसायनांच्या नावांच्या याद्या आहेत आणि त्या नावांपुढे साठ्याच्या मर्यादा वजनाने दिलेल्या आहेत. कारखान्यातील हवेविषयीची मानकेही एका घनमीटर हवेत अमुक पदार्थ किती मिलिग्रॅम असावा, ह्या भाषेतच बोलतात.

अब्जांश तंत्रज्ञानाने ह्या क्रमालाच अडचणीत आणले आहे. पदार्थाचे नाव तेच, रासायनिक सूत्र तेच, वजनही नगण्य. तथापि कणाचा आकार बदलताच त्याचे वर्तन बदलते, आणि नियमांच्या यादीत आकाराचा रकानाच नसतो. ह्या नव्या पदार्थांच्या परिणामांविषयीचे ज्ञान अद्याप अपुरे आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु हे अज्ञान केवळ शास्त्रीय उणीव नव्हे. समाजात त्याचा भार कोणीतरी वाहत असतो. तो कोणी वाहावयाचा, हा अब्जांश तंत्रज्ञानाच्या नियमनातील मूलभूत नैतिक प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या औद्योगिक परिसराच्या अनुषंगाने केला आहे. रासायनिक कारखाना, संशोधनशाळा, दाट लोकवस्ती आणि भातशेती ही चारही ह्या एका जिल्ह्यात परस्परांच्या निकट नांदत असल्यामुळे प्रश्नाचे सर्व पैलू येथे एकत्र दिसतात.

२. आकाराने पडणारा भेद

एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर ह्या मर्यादेतील रचना अब्जांश तंत्रज्ञानाच्या कक्षेत येतात. मानवी केसाची जाडी स्थूलमानाने ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर असते. अणूंच्या पातळीवर पदार्थाची जुळणी करता येईल, हा विचार भौतिकीवेत्ते रिचर्ड फाइनमन ह्यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात मांडला. ‘नॅनोतंत्रज्ञान’ ही संज्ञा जपानमधील नोरिओ तानिगुची ह्यांनी १९७४ साली योजिली.

आकार घटला असता गुणधर्म का बदलावेत, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला, तर त्या सर्वांचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे ६,००० चौरस मीटर होते. वजन तिळमात्र वाढले नाही. परंतु रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळे क्रियाशीलता मात्र कैक पटींनी वाढली. शिवाय इतके लहान कण फुप्फुसाच्या अगदी आतील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात, तेथे मोठे कण सहसा पोहोचत नाहीत.

ह्या भेदाची दखल नियमनाने घेतल्याचे एक उदाहरण लक्षणीय आहे. रंग, प्लॅस्टिक व प्रसाधने ह्यांत सर्रास वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे चूर्ण अनेक वर्षे निरुपद्रवी धूळ म्हणून गणले जात असे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेने २०११ साली त्याच्यासाठी दोन स्वतंत्र मर्यादा सुचविल्या : जाड्या चूर्णासाठी घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म कणांसाठी ०.३ मिलिग्रॅम. पदार्थ एकच, परंतु शिफारस केलेल्या मर्यादांत आठ पटींचे अंतर. ज्या कारखान्यात हे चूर्ण पोत्यांतून येते आणि पोत्यावर केवळ पदार्थाचे नाव असते, तेथे ह्यांपैकी कोणती मर्यादा लागू करावी, हे तेथील कामगारास वा निरीक्षकास कळण्याचा मार्ग नाही.

३. ठाणे परिसराशी असलेला संबंध

ठाणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापराच्या काजळीपासून फुलेरीन हे कार्बनचे रूप मिळविल्याचे १९९४ साली प्रसिद्ध केले. घरोघरी आरतीत जळणारा कापूर हा अब्जांश कार्बनाचा स्रोत ठरला, ही घटना ह्या शास्त्राच्या येथील वाटचालीत महत्त्वाची आहे. पुढे कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात व अंबरनाथ येथे ह्या विषयाची संशोधन केंद्रे कार्य करू लागली. उद्योगाच्या बाजूने पाहता, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाण्याची वागळे वसाहत ही त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक होय. त्यानंतर डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, ठाणे-बेलापूर पट्टा अशी रसायने, रंग, औषधी द्रव्ये व वस्त्रप्रक्रिया ह्यांच्या कारखान्यांची साखळीच उभी राहिली. रंगलेप, वस्त्रांवरील जंतुरोधक प्रक्रिया, उत्प्रेरके व औषधे ही अब्जांश पदार्थांची जगभरातील प्रमुख क्षेत्रे आहेत, आणि ह्या परिसरातील उद्योगांचे स्वरूपही नेमके तेच आहे. तेव्हा असे पदार्थ येथील कारखान्यांत यावयाचे ते एखाद्या भव्य नव्या प्रकल्पाच्या रूपाने येतील असे नाही. जुन्याच नावाच्या कच्च्या मालाच्या रूपाने ते निःशब्दपणे येण्याचा संभव अधिक.

४. कामगार : विलंबाने प्रकट होणारा रोग

अज्ञानाचा भार प्रथम कामगारावर पडतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांविषयी २००८ साली एडिनबरो येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, लांब व ताठ नळ्या उंदरांच्या उदरावरणात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण करतात; आखूड अथवा गुंतलेल्या नळ्या तसे करीत नाहीत. २०१४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ह्या नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराची गणना ‘मानवात कर्करोगकारक असण्याचा संभव’ ह्या वर्गात केली; अन्य प्रकारांविषयी वर्गीकरण करण्याइतका पुरावा तिला आढळला नाही. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. सर्वच कार्बन-नळ्या घातक आहेत, असे ह्यावरून सिद्ध होत नाही. परंतु लांबी, ताठरपणा व जाडी ह्यांची नोंद नसेल, तर घातक कोणती व सौम्य कोणती, हे पुढे कधीही ठरविता येणार नाही, हे मात्र सिद्ध होते.

ॲस्बेस्टॉसचा इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याच्या तंतूंमुळे होणारे रोग पहिल्या संपर्कानंतर कित्येक वर्षांनी, पुष्कळदा दशकांनी प्रकट होतात. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील १८१ कामगारांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील पाचव्या हिश्शाहून अधिक कामगारांत ॲस्बेस्टॉसिस आढळला. त्यापूर्वी दहा वर्षे, जानेवारी १९९५ मध्ये, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर ह्या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, ह्यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जतन करावी, असा आदेशही दिला. न्यायालयाने येथे रोगाच्या गतीशी नोंदीच्या आयुष्याचा मेळ घातला. जो रोग तीस वर्षांनी दिसावयाचा, त्याची नोंद पाच वर्षांनी नष्ट होत असेल, तर कामगाराने पुरावा आणावयाचा कोठून? अब्जांश पदार्थांच्या बाबतीत असा आदेश आज कोठेही नाही. कंत्राटी कामगार तर एका कारखान्यातून दुसऱ्यात जात असतो. त्याच्या शरीराखेरीज त्याच्या संपर्काची अन्य नोंद कोणापाशीही राहत नाही.

५. शेजारी : रंग नसलेले प्रदूषण

कामगारानंतर हा भार शेजारच्या वस्तीवर पडतो. डोंबिवलीत औद्योगिक विभाग व निवासी विभाग ह्यांत फारसे अंतर उरलेले नाही. २६ मे २०१६ रोजी तेथील प्रोबेस एंटरप्रायझेस ह्या कारखान्यात भीषण स्फोट होऊन १२ जण मृत्युमुखी पडले, शेकडो जखमी झाले आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. प्रोपार्जिल क्लोराइड ह्या रसायनाच्या सदोष हाताळणीशी त्या स्फोटाचा संबंध जोडण्यात आला. शासनाने चौकशी समिती नेमली. परंतु तिचा अहवाल नागरिकांस आपोआप उपलब्ध झाला नाही, तो माहितीच्या अधिकाराखाली मागावा लागला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्स ह्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला व त्यात दहांहून अधिक जणांचा बळी गेला.

हे स्फोट अब्जांश पदार्थांचे नव्हते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्यांचा येथील उपयोग निराळा आहे. ज्या रसायनांची नावे, गुणधर्म व धोके पाठ्यपुस्तकांत नमूद आहेत, त्यांच्याविषयीची माहितीसुद्धा भिंतीपलीकडच्या रहिवाशापर्यंत पोहोचत नसेल, तर ज्यांचे धोके अद्याप शास्त्रज्ञांसही नीट ठाऊक नाहीत, त्यांच्याविषयी कोणती अपेक्षा ठेवावी? वास्तविक, भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने घातक प्रक्रियेची माहिती कामगार, स्थानिक प्राधिकरण व आसपासची जनता ह्यांस देण्याचे बंधन भोगवटादारावर घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे उणीव तत्त्वाची नाही, त्याच्या आचरणाची आहे. त्यात पुन्हा जबाबदारी अनेक ठिकाणी विभागलेली. भूखंड औद्योगिक विकास महामंडळाकडे, कारखान्याची सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, सांडपाणी व धूर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि लोकवस्ती महानगरपालिकेकडे. आपापल्या कक्षेत प्रत्येक जण पाहतो. कक्षांच्या सांध्यात काय आहे, हे पाहणे मात्र कोणाचेच काम उरत नाही.

आणखी एक भेद विचारात घेण्यासारखा आहे. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील एक रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा बोभाटा झाला तो रंगामुळे. सामान्य नागरिकापाशी प्रदूषण ओळखण्याची साधने दोनच : डोळा आणि नाक. अब्जांश कणांना बहुधा असा रंग नाही, वासही नाही. सांडपाण्याच्या नेहमीच्या चाचण्यांत प्राणवायूची जैव व रासायनिक मागणी, आम्लता, निलंबित घनपदार्थ आणि धातूंचे एकूण प्रमाण मोजले जाते. कणांचा आकार मोजला जात नाही. म्हणजे ह्या बाबतीत नागरिकाचा डोळा आणि शासनाची प्रयोगशाळा दोन्ही सारख्याच निरुपयोगी ठरतात. नागरिकांच्या तक्रारीवर विसंबून राहणारी नियमनपद्धती येथे मुळातच लागू पडत नाही.

६. ग्राहक व शेतकरी : लाभाचा पुरावा कोणी द्यावयाचा?

तिसरा घटक ग्राहकाचा. त्याच्या बाबतीत प्रश्न धोक्याइतकाच लाभाच्या पुराव्याचाही आहे. २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली द्रवरूप नॅनो युरियास मान्यता मिळाली. नत्राचे प्रमाण शेकडा ४ असलेली ५०० मिलिलिटरची एक बाटली ४५ किलोग्रॅमच्या युरियाच्या गोणीचे काम करील, असे सांगण्यात आले. अशा बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र असते. गोणीत सुमारे २० किलोग्रॅम. हजारपट अंतर केवळ कणाच्या सूक्ष्मतेने भरून निघते काय, ह्यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. २०२३ साली कोपनहेगन येथील दोन संशोधकांनी ‘प्लँट अँड सॉइल’ ह्या नियतकालिकात ह्या दाव्याच्या शास्त्रीय आधारावर कठोर टीका केली. वादाचा निर्णय शेतावरील दीर्घकालीन प्रयोगांनीच व्हावयाचा. परंतु मुरबाड अथवा शहापूर तालुक्यातील भातशेतकऱ्याने तोवर काय करावे? बाटली वापरून पाहणे म्हणजे त्याच्या दृष्टीने एका हंगामाचे पीक पणास लावणे होय. प्रयोगशाळेत गृहीतक चुकले तर निबंध मागे घेता येतो. शेतात ते चुकले तर वर्ष वाया जाते. संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीची संमती आवश्यक मानली जाते. येथे शेतकरी नकळत प्रयोगाचा भाग बनतो आणि त्याचा खर्चही स्वतःच सोसतो.

७. भारतातील नियमनाची स्थिती

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००७ साली नॅनो मिशन सुरू केले व पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद केली. त्या आश्रयाने देशात संशोधनाची मोठी वाढ झाली. नियमन मात्र तुकड्यातुकड्याने आले. संशोधनशाळा व उद्योग ह्यांतील सुरक्षित हाताळणीविषयी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा तयार झाला. २०१९ साली औषधांच्या व २०२० साली कृषी-निविष्टा व अन्न ह्यांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ही तत्त्वे उपयुक्त आहेत. पण ती वस्तूचे मूल्यमापन करतात. वस्तू बनविणारा कामगार, कारखान्याचा शेजारी व वापरानंतरचा नाला ह्यांचा विचार त्यांच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही. शिवाय मार्गदर्शक तत्त्व आणि कायदा ह्यांत उपदेश व आज्ञा ह्यांच्याइतके अंतर असते.

युरोपात दुसरा मार्ग अवलंबिला गेला. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने व रॉयल अकॅडमी ऑफ एंजिनिअरिंगने २००४ सालच्या संयुक्त अहवालात अब्जांश रूपातील रसायन हे नवे रसायन समजावे, अशी शिफारस केली होती. फ्रान्सने २०१३ पासून वर्षाला १०० ग्रॅम वा अधिक अब्जांश पदार्थ बनविणाऱ्या, आयात करणाऱ्या अथवा वितरित करणाऱ्या प्रत्येकास नोंद करणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या रसायन-नोंदणी कायद्यात १ जानेवारी २०२० पासून अब्जांश रूपांची स्वतंत्र माहिती देणे आवश्यक झाले. टनांची जागा ग्रॅमने घेतली, ही ह्यातील विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट.

८. नोंदीचे कर्तव्य आणि त्यावरील आक्षेप

तंत्रज्ञानाच्या सामाजिक नियंत्रणाविषयी डेव्हिड कॉलिंग्रिज ह्यांनी १९८० साली एक पेच दाखवून दिला. तंत्रज्ञान नवे असते तेव्हा त्याचे परिणाम ठाऊक नसतात. परिणाम कळू लागतात तेव्हा ते समाजात इतके रुजलेले असते की बदल घडविणे दुष्कर होते. ह्या पेचातून पूर्ण सुटका नाही. परंतु आरंभापासून नोंद ठेवल्यास त्याची धार कमी होते, कारण परिणाम कळू लागताच ते कोणास, कोठे व किती झाले असतील, हे शोधण्याचा मार्ग खुला राहतो. बंदी अथवा मोकळीक ह्या दोन टोकांच्या मध्ये नोंदीचे कर्तव्य उभे आहे, आणि त्यासाठी धोका सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ह्यास कायद्याचा आधारही आहे. वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सावधगिरीचे तत्त्व हे देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे घोषित केले आणि आपली कृती पर्यावरणास निर्धोक आहे हे दाखविण्याचा भार ती करणाऱ्यावर टाकला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या अधिनियमातही हे तत्त्व अंतर्भूत आहे. परंतु नोंद नसेल तर हा भार प्रत्यक्षात उलटतो. पीडितालाच आधी पदार्थ तेथे होता हे सिद्ध करावे लागते.

ह्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, लहान कारखान्यांना हा खर्च झेपणार नाही. आक्षेप रास्त आहे; यास्तव कणांचे मापन करण्याचे बंधन मूळ उत्पादक व आयातदार ह्यांवर असावे, आणि लहान कारखानदाराने केवळ मिळालेले माहितीपत्रक व वापरणाऱ्या कामगारांची नावे जतन करावीत. दुसरा, व्यापारी गुपिते उघड होतील. ह्याचे उत्तर असे की आकार, रूप व प्रमाण सांगणे म्हणजे कृती सांगणे नव्हे. आणि ज्याच्या फुप्फुसात तो कण जावयाचा, त्याच्यापासून त्याचे स्वरूप गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणत्याही व्यापाराला नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अतिरिक्त भीतीमुळे जलशुद्धी, औषधे, ऊर्जा ह्यांतील खरे लाभ दुरावतील. परंतु भीती बळावते ती माहिती दडविल्याने. दोन स्फोट अनुभवलेल्या नगराला ‘काळजीचे कारण नाही’ हे आश्वासन पुरत नाही. कारखान्यात काय आहे, हे सांगणारी यादी मात्र त्याला उपयोगी पडते.

९. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, अब्जांश तंत्रज्ञानाच्या नियमनात धोका किती, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत न्यायाचा प्रश्न तहकूब ठेवता येत नाही. ज्ञान अपुरे असताना जो लाभ घेतो त्याने किमान नोंदीचा व प्रकटनाचा भार उचलावा, आणि जो लाभाचा वाटेकरी नाही त्याच्यावर अज्ञानाची किंमत लादली जाऊ नये, हे तत्त्व प्रयोगशाळेतील निष्कर्षांवर अवलंबून नाही.

विद्यापीठीय विभागांना ह्यात निश्चित कार्य आहे. स्वतःच्या प्रयोगशाळांत हाताळल्या जाणाऱ्या अब्जांश पदार्थांची आकारासह नोंद ठेवणे व ती विद्यार्थ्यांस उपलब्ध करणे, ही त्याची पहिली पायरी होय. कारण ह्या पदार्थांशी प्रथम संपर्क येतो तो संशोधक विद्यार्थ्याचा. दुसरी पायरी म्हणजे परिसरातील नाल्यांत व कारखान्यांच्या हवेत आज ह्या कणांचे प्रमाण काय आहे, ह्याचे मापन. आजचे हे मापन झाले नाही, तर वीस-तीस वर्षांनंतर डोंबिवली वा अंबरनाथ येथील एखाद्या कामगाराच्या आजाराचे कारण शोधू पाहणाऱ्यास तुलनेसाठी हाती काहीच लागणार नाही.